मार्कंड्याला सोडलेली गोळी

बीपीच्या गोळीनं माझे पाय सुजायचे. आम्ही ढिवर, नवऱ्यासोबत तळ्यात उतरून मासोळ्या धरायच्या, आणि इथं घोटे असे फुगलेले की पैंजण रुतायचे. गोळीनं बीपी उतरला होता, हे खरं. माझी जाऊ बीपी वाढूनच लकव्यानं खाटेवर पडलेली मी रोज बघत होते, तेही खरं. पण बीपी डोळ्यांना दिसत नाही, सूज दिसते. मन इकडून तिकडे हेलकावत राहायचं. डॉक्टरला विचारायचं सोडून मी देवाकडे निघाले. अशी मी शहाणी!

शिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याच्या महादेवाला गेले. तीर्थावर काहीतरी कायमचं खायचं सोडायची आपली रीत. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. मी वैनगंगेत बुडी मारली आणि गोळी सोडली. मार्कंडेयाला यमाच्या हातून सोडवणारा महादेव मला थोडाच टाकणार होता! जत्राभर तिथंच बहिणीकडे राहिले. आठवड्यात सूज ओसरली, तशी मी हरखले.

मग एका सकाळी नदीवर धुकं होतं आणि देऊळ पाण्यावर तरंगत असल्यासारखं हलू लागलं. घंटा फार लांबून ऐकू येत होती. डोकं फुटायला आलं. मी वाळूत बसले. वाळूही हळूहळू वाहत होती. जावेची ती खाट डोळ्यांपुढे आली आणि मी घाबरले, फार घाबरले.

"काऊन वं बाई, काय झालं?" हिरव्या लुगड्यातली एक अनोळखी म्हातारी शेजारी टेकली. मी सगळं सांगितलं, तर ती खुदकन हसली. "देवाले आपल्या आवडीचं सोडते वं. गोळी काय तुह्या आवडीची होती? नको झाली, तं त्याच्या माथी मारली!"

हात धरून तिनं मला जत्रेतल्या दवाखान्याच्या मंडपात नेलं. मागे वळून बघते तर ती गर्दीत मिसळलेली. ती कोण, मी कधी शोधलं नाही. डॉक्टरबाई रागावल्या. "मनानं गोळी बंद नका करू, मावशी. पाय सुजले तर सांगायचं, गोळी बदलता येते. आणि खारट कमी करा." एवढं साधं होतं! दुपारपर्यंत त्यांनी निजवून ठेवलं, दुसरी गोळी दिली. ह्या गोळीनं उठताना जरा गरगरतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी सावकाश उठते.

संध्याकाळी पुन्हा काठावर गेले. ओंजळीत पाणी घेतलं आणि खारवलेली सुकी मासोळी सोडली. लहानपणापासून तिच्याशिवाय माझा घास उतरत नसे. पाणी सोडताना मला रडू आलं. इतकी वर्षं देवाकडे येत होते, पण माझ्या आवडीचं त्याला पहिल्यांदाच देत होते.