पंधराशेच्या नावाखाली सोळाशे

मंडळी, सकाळपासून राग जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आज इथे शारजात लेकीच्या कॉलेजच्या ॲथलेटिक्स टीमची निवड होती. बोलावणं नसलेल्यांनाही पळून दाखवायची संधी असते, म्हणून ईशा गेली. पंधराशे मीटर, पाच मिनिटं वीस सेकंदांच्या आत.

पंधराशे म्हणजे ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या. कोचने बोलावलेल्या मुलींना बरोबर जागेवरून सोडलं. ईशाच्या गटाला मात्र थेट फिनिश लाइनवरून, म्हणजे पूर्ण चार फेऱ्या. तिला पाच एकतीस लागले. नापास!

मी जाऊन म्हटलं, "सर, ये लडकियाँ सोलह सौ दौडी हैं."

"खलास, हबीबी. इस ग्रुप में सबको सेम था. नेक्स्ट इयर, इन्शाल्ला."

शंभर मीटरला वीस सेकंद लागतात, म्हणजे पंधराशे तिने पाच अकराच्या आसपास संपवले असते, हे कोचला मी शिकवायचं?

तक्रारीचा मेल लिहून तयार आहे. पण गाडीत ईशा म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट. आय डोन्ट वॉन्ट टु बी द गर्ल हूज डॅड फॉट फॉर हर."

उद्या जागा मिळालीच, तर ती तिच्या घामाची नाही, बापाच्या भांडणाची ठरेल, ही तिची भीती मला कळते. पण गप्प बसलो, तर मी समजूतदार की भित्रा? तुम्ही काय कराल?