मी गोरी केलेली बायको

नेकनूरच्या बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची निम्मीअधिक माणसं मी गोरी केलेली आहेत. अभिमानानं सांगत नाही, धंदाच तसा होता. स्थळांना दाखवायला मुलीचा फोटो लागायचा. बाप मुलीला स्टुलावर बसवायचा आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी येऊन, बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "जरा उजळ निघू द्या." मुलगी खाली बघायची. मी मान हलवायचो. एका गावपुढाऱ्यानं बॅनरच्या फोटोच्या वेळी बजावलं होतं, "लई गोरा करू नको बे, मतदारानं वळखाय पायजे. पर समोरच्या पार्टीपरीस जरा जास्तच ठेव."

माझा स्वभाव कमी बोलण्याचा. गाव त्याला गरीब स्वभाव म्हणतं, आई घुम्या म्हणते. खरं कारण वेगळं होतं. माणसानं एक गोष्ट दडवली की कुठलंही बोलणं फिरून तिच्यापाशीच येईल अशी धास्ती बसते. मग गप्प राहिलेलं सोपं पडतं.

माझी दडवलेली गोष्ट एका फाइलमध्ये होती.

पहिला डिजिटल कॅमेरा मी बीडच्या एका फोटोग्राफरकडून जुना विकत घेतला. त्यानं एकच सल्ला दिला, फोटो रॉमध्ये काढत जा. रॉ म्हणजे कच्चा फोटो. कॅमेऱ्यानं जेवढं पाहिलं तेवढं सगळं त्यात राहतं. वरून तुम्ही कितीही रंगरंगोटी करा, मूळ फाइल खाली जशीच्या तशी बसून असते. त्या वेळी मला हा मोठा फायदा वाटला होता.

मागच्या हिवाळ्यात जुनी हार्डडिस्क कटकट वाजायला लागली. मोबाइल आल्यापासून दुकानात गर्दी अशी नसतेच, म्हणून मी जुने फोटो नव्या डिस्कवर उतरवत बसलो आणि उतरवता उतरवता उघडून बघायला लागलो. स्वतःच्याच कामाची लाज वाटली. माझ्या आवडीनिवडीचे थर तिथं साचले होते. आधी पांढरा काळ, त्यात सगळी वरात पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. मग हिरवा काळ. माजलगावच्या धरणाखालचा ऊस मी असा हिरवा केला होता की जनावरानंसुद्धा त्याला तोंड लावलं नसतं. त्यानंतर मोबाइलवर कुणाचं तरी बघून शिकलेला निळा-नारिंगी काळ. त्या काळातल्या बारशांची बाळं गाजरासारखी आहेत आणि पाळणे निळेशार.

सगळं पुसलं आणि कच्च्या फाइलपासून नव्यानं सुरुवात केली. एकेक फोटो घ्यायचा आणि त्या दिवशी ऊन कसं होतं, मांडव कुठल्या कापडाचा होता, ते आठवायचं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मला मळके रंग आवडतात. नांगरलेल्या रानाचा, कडुनिंबाखालच्या सावलीचा, चार वेळा धुतलेल्या धोतराचा. पन्नाशीच्या तोंडावर माणसाला स्वतःची आवड कळली. उशीर झाला, पण कळली.

उत्साहाच्या भरात माजलगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला त्याच्या लग्नाचे पाच-सहा फोटो मी नव्यानं करून मोबाइलवर पाठवले. त्याचा आवाज रेकॉर्ड होऊन आला, "भाऊ, फोटो लई भारी. पर माझ्या बायकोच्या शेजारी ह्यो काळा माणूस कोण हाय?"

तो स्वतःच होता.

आणि मग एके दिवशी ती फाइल समोर आली. जांभळ्या साडीतली मुलगी, हात खुर्चीच्या पाठीवर, चेहऱ्यावर हसू. ही माझी बायको. तेव्हा ती माझी कुणीच नव्हती.

अठरा वर्षांपूर्वी तिचे वडील तिला घेऊन माझ्या दुकानात आले होते. मेंढपाळ माणूस, डोक्याला मुंडासं, हातात काठी. मी सवयीनं कान पुढं केला. ते मात्र सरळ उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "जशी हाय तशी काढा. वर-खाली काय करू नका." हे ऐकून मुलगी हसली आणि मी बटण दाबलं. त्या फोटोतलं हसू बापाच्या त्या वाक्याचं आहे.

मला ती आवडली. आणि आवडलेल्या गोष्टीला हात लावल्याशिवाय मला राहवत नाही. ते गेल्यावर मी बसलो आणि तिला गोरी केली. फुकट केली, कुणी न सांगता. कपाळ, गाल, मान, सगळं; त्या नादात जांभळी साडीही गुलाबी झाली. फक्त खुर्चीवरचे हात राहून गेले. दुसऱ्या दिवशी वडील एकटेच येऊन पाकीट घेऊन गेले. उघडून पाहिलंसुद्धा नाही. "पोर घरात हाय, फोटू काय बगायचा?" म्हणाले आणि पाकीट तसंच मध्यस्थाच्या हातात दिलं.

तो फोटो चार घरं फिरून पाचव्या घरी आला. पाचवं घर आमचं. आईनं तो माझ्यापुढं धरला, "बघ, कशी गोरीपान हाय. करायची का?" मी माझं काम ओळखलं. बोलायला तीच वेळ होती. मी म्हणालो, "ठीक आहे."

पोरगी बघायला गेलो तेव्हा भारनियमन होतं, कंदिलाच्या उजेडात बघणं झालं. मुलीनं पोह्यांची ताटली पुढं करताना मला ओळखलं आणि पुन्हा वर पाहिलं नाही. लग्नात हळद होती. हळद उतरल्यावर आईनं सुनेला भर दुपारी अंगणात पाहिलं आणि फोटो काढून शेजारी धरला. त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य राहायला आलं, "आमाला फोटूत फसीवलं." सासरे आले की आई ते हमखास म्हणायची. फोटो माझ्याच दुकानातला हे तिला ठाऊक होतं, पण तो बापानंच सांगून गोरा करून घेतला असं ती धरून चालली होती. सासरे म्हणायचे, "इहीणबाई, माझी पोर जशी हाय तशीच फोटूत हाय." आधी ते फोटोकडं बघायचेच नाहीत, पुढं पुढं दाखवला तरी त्यांच्या डोळ्यांवर साय आलेली. त्यांना सगळंच सारखं दिसायचं.

इथपर्यंतही चाललं असतं. पण लग्नानंतर आठ दिवसांनी बायकोनं मला विचारलं होतं, "आबा पाकीट न्यायला एकटे आले होते ना? तेव्हा सांगितलं ना त्यांनी तुम्हाला, गोरी करा म्हणून?"

मी म्हणालो, "हं."

एवढाच माझा गुन्हा, अर्ध्या अक्षराचा. त्यानंतर ती माहेरी गेली की दुसऱ्या दिवशी परत यायची. बापाशी बोलायची, पण डॉक्टरशी बोलल्यासारखं, विचारलं तेवढंच. एकदा नुसती म्हणाली होती, "माझ्यासमोर जशी हाय तशी म्हणाले आणि माघारी लाजले माझी." सासऱ्यांना वाटायचं, लेक संसारात गुंतली. मला खरं माहीत होतं. अठरा वर्षं मी ते घेऊन जेवलो.

गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अंबाजोगाईला झालं. डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं म्हणून त्यांना आमच्याच घरी आणलं. पट्टी निघाली आणि घरात एक तपासनीस आला. आयुष्यभर दोनशे पावलांवरून मेंढीचा रंग सांगणारा माणूस, त्याला नवी नजर मिळाली.

"ह्या भिती कवा पांढऱ्या केल्या?"

"आबा, पहिल्यापासून पांढऱ्याच आहेत," बायको म्हणाली.

"मग मी इतकी वरसं पिवळ्या घरात कसा येत व्हतो?" असं म्हणत ते आईकडं वळले. "आन् इहीणबाई, तुमचं डोकं समदं पांढरं झालं की वो!"

"तुमच्या डोळ्यापाई तरनी व्हते," आई म्हणाली. "ते बी गेलं."

आई अशी संधी सोडणारी नाही. तिनं उठून पत्र्याचा डबा उघडला, फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. "नजर आलीच हाय तर ह्ये बगा."

सासरे फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेले. फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग तांदूळ निवडत बसलेल्या लेकीकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं.

"हात माझ्या पोरीचे हायेत," ते म्हणाले. "तोंड कुणाचं हाय?"

आई विजयी झाली. पण पुढं जे झालं ते तिच्याही हिशोबात नव्हतं. सासऱ्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि आईच्या पायाशी ठेवायला वाकले. "तुमचं खरं व्हतं, इहीणबाई. माझ्याच हातानं पाकीट दिलतं. अठरा वरसं तुमाला खोटं पाडलं. चुकी माजी."

"आवो, उठा, उठा!" आई मागं सरकली. तिला भांडण हवं होतं, मुंडासं नको होतं.

मी बायकोकडं पाहिलं. ती बापाकडं बघत होती. इतकी वर्षं मनात धरलेला संशय बापानं आज आपल्या तोंडानं कबूल केला, असा तिचा चेहरा झाला होता. मुंडासं आईच्या पायापासून वीतभर होतं. ते टेकलं असतं तर मला उरलेल्या जन्मात तोंड उघडता आलं नसतं.

"मी केली," मी म्हणालो.

माझ्या आवाजाची कुणाला सवय नाही. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी गोरी केली!" मी ओरडलो. "मामा काही बोलले नव्हते. जशी आहे तशीच काढा म्हणाले होते, पुढूनही आणि माघारीही. मीच केली."

सासरे अर्धे वाकलेले तसेच राहिले. बायकोच्या हातातलं सूप खाली आलं.

"पण मी विचारलं तेव्हा तुम्ही हं म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हं," मी म्हणालो. सवय वाईट.

"आरं मग अठरा वरसं मी कुणाला बोलत व्हते?" आई.

"मामांना."

"आन् तू ऐकत व्हतास?"

"हं."

"कावून केलंस पर?"

मी खरं ते सांगितलं. "मला आवडली होती."

आईनं कपाळावर हात मारला. "आवडली तवा सावळीच आवडली ना? मग धुतलीस कावून?"

मी खाली वाकून सुपाबाहेर सांडलेले तांदूळ गोळा करायला लागलो.

बायको उठली, औषधाची बाटली घेऊन बापाजवळ गेली आणि त्यांचं डोकं मागं धरलं. पहिला थेंब गालावर, दुसरा मिशीवर.

"आगं, डोळा वर हाय," सासरे म्हणाले.

"आबा, मी तुम्हाला लई वाईट समजले," ती म्हणाली.

"कवा?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. ती त्यांचं मुंडासं पुन्हा नीट बांधत बसली. जरा वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरा फोटो आहे का अजून?"

त्याच दिवशी चौघंही दुकानात गेलो. मी रॉ फाइल उघडली. सासरे माझ्या पाठीशी काठी टेकून उभे राहिले आणि मी रंग हलवायला लागलो.

"तांबडं चढलं. उतरवा," ते म्हणाले. "आता राखी झाली, मेल्यावानी. जरा ऊन घाला. न्हाई, येवढं न्हाई, चैताचं न्हाई, हिवाळ्यातलं, मार्गेसराचं घाला."

"आबा, मी काय मेंढी हाय का?" बायको म्हणाली. एरवी ती माझ्यासारखं नीटनेटकं बोलते, त्या दिवशी बापाशी मोकळी झाली आणि माहेरची बोली आली. ती मी अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

"मेंढी असती तर कवाच सांगून मोकळा झालो असतो. थांबा! हात लावू नका. ही माझी पोर."

मी आकडे पाहिले. इतक्या खटाटोपानंतर फोटो कॅमेऱ्यानं काढला होता त्यापासून जेमतेम केसभर हलला होता. एवढ्या वर्षांचा रंगाचा कारागीर मी, आणि काम एवढंच होतं.

बायको पडद्याजवळ गेली. "साडी जांभळी होती," ती म्हणाली. "मी विसरलेच होते." मग माझ्याकडं वळली. "आजपासून आपल्या घरात हं म्हणायचं नाही. विचारलं की पुरतं वाक्य बोलायचं."

तेवढीच शिक्षा झाली. लोकांना हलकी वाटेल. मला विचारा.

नवा फोटो आता घरात लावलाय. जुना पांढरा मी फाडायला निघालो तर आईनं हिसकावून घेतला आणि परत डब्यात ठेवला. "ऱ्हाऊ दे. आता तो तुझ्यासाठी हाय."

सासरे परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आई नवं लुगडं नेसून दुकानात आली. माघारी हार घालायला घरात आपला एक चांगला फोटो असावा असं तिच्या मनानं घेतलं होतं. स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि बायको दारात उभी आहे हे बघून मला जवळ बोलावलं. मी कान पुढं केला.

"जरा उजळ निघू दे रं," आई म्हणाली.

बायकोनं तिथूनच माझ्याकडं पाहिलं.

"आई," मी म्हणालो, "तू जशी आहेस तशीच मी तुझा फोटो काढणार आहे."

पुरतं वाक्य होतं. आई स्टुलावरून उठून गेली. फोटो अजून निघालेला नाही.