नात्याच्या रकान्यात ‘मावशी’

माझी मुलगी बारावीत असताना पाच आठवडे मी तिची मावशी होते. मला तसं व्हायला कुणी सांगितलं नव्हतं. चंदीगडजवळच्या खरड गावातल्या एका केंद्रातल्या फॉर्मवर, ‘सोबत आलेल्या व्यक्तीचं नातं’ या रकान्यात मी माझ्या हातानं ते लिहिलं, आणि तेही सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. आता चंदीगडच्या सेक्टर ३९ मधल्या सरकारी कॉलनीत राहतो, मी तिथल्याच प्रयोगशाळेत काम करते, नवरा मोहालीत नॉलेज सिटीकडे शिकवतो. चंदीगडात मराठी माणसं ओंजळभर. हळदीकुंकवाला मी आज कुठली साडी नेसले हे उद्या शेजारच्या पंचकुल्यात माहीत असतं. त्या ओंजळीत मी जरा मिरवणारी. कार्यक्रम ठरवणं, माईक धरणं, कुणी उशिरा आलं की टोमणा मारणं ही माझी कामं. त्या वर्षी मीच आमच्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना बोलवून ‘मुलं आणि ताण’ असं व्याख्यान ठेवलं होतं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ते काम करतात, आणि त्यांची बायको माझ्या हातची पुरणपोळी मागून नेते. आभार मानताना मी म्हणाले, “लपवू नका. मनाचा आजार हा तापासारखाच आहे.” टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझी मुलगी तेव्हा मागच्या रांगेत बसून नखाच्या कडेचं कातडं सोलत होती, आणि माईकपाशी उभ्या मला ते दिसत होतं.

दिवाळीनंतर ती क्लासला जायची थांबली. आधी डोकं दुखतं म्हणाली, मग पोट, मग काहीच म्हणेना. दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, हे आमच्याकडे बालवाडीपासूनचं. पण आता उत्तरं फक्त दोन उरली होती, ‘कुछ नहीं’ आणि ‘पता नहीं’. मी रागावले. नवस बोलले. बदाम भिजवले. एकदा तिच्या अंगावरची रजई ओढून काढली आणि ओरडले, “काय कमी केलंय गं तुला आम्ही?” ती उठून बसली आणि “सॉरी” म्हणाली. त्या सॉरीनं मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

ते व्याख्यान देणारे डॉक्टर आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. माझ्या भाषेत बोलणारे, शहाणे, ओळखीचे. ओळखीचे, म्हणूनच मला नको होते. त्यांच्या बायकोला कळेल, तिच्याकडून सगळ्यांना कळेल, आणि ज्या बाईनं माईकवर शहाणपण शिकवलं तिच्याच घरात हे, असं होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या लॅबमधली एक संशोधन करणारी मुलगी खरडला राहायची. तिच्याकडून कळलं की तिथं एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांमध्ये तरुण मुलांसाठी समुपदेशन केंद्र चालतं. आसपासच्या कॉलेजांमधली, खोल्या घेऊन राहणारी मुलं जातात, कुणी कुणाला फारसं विचारत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी असा घेतला, मोहालीच्या ट्रॅफिकमधून, दर मंगळवारी.

पहिल्या दिवशी गाडी लावताना मी तिला म्हणाले, “हे बघ, इथं मी तुझी मावशी आहे. आई सांगलीला असते.”

“क्यों?”

“उगाच कुणाला कळायला नको.”

ती खिडकीबाहेर बघत “ओके” म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच ओके म्हणायची.

केंद्र चालवणारी समुपदेशक तिशीची पंजाबी मुलगी होती. मुलं तिला दीदी म्हणत, म्हणून मीही दीदीच म्हणायला लागले. तिनं फॉर्म पुढे ठेवला. मावशीच्या जागी मी माझं खरं नाव लिहिलं. आईच्या जागी सांगलीच्या माझ्या थोरल्या बहिणीचं नाव लिहिलं, आणि नंबर दिला आमच्या एका जुन्या सिमकार्डचा; वडिलांचा रकाना कोरा सोडला. मुलगी अठराच्या आतली, तेव्हा आईची परवानगी लागेल, असं दीदी म्हणाली. संध्याकाळी घरी मी ते सिम जुन्या फोनमध्ये घातलं, बहिणीच्या नावानं परवानगीचा मेसेज पाठवला, आणि सिम काढून पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकलं. नवऱ्यानं बघितलं. “हे बरोबर आहे का?” म्हणाला. मी म्हणाले, “तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सांग.” तो पेपर तपासायला आत गेला.

आणि खरं सांगायचं तर मुलगी सुधारायला लागली. तासभर आत बसून यायची आणि परतताना गाडीतला रेडिओ स्वतः लावायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं भात मागून घेतला, आणि पुन्हा क्लासला जायला लागली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काम झालं आणि बोभाटाही नाही, अशी माझी हुशारी. चौथ्या मंगळवारी दीदी मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, “आंटी जी, बच्ची अपनी मम्मी के बहुत क्लोज़ है। बहुत प्यार से बात करती है उनकी।” मी जिना उतरले तेव्हा मला रडू फुटत होतं. मला वाटलं, पोरगी माझ्याबद्दल बोलते.

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी लॅबमध्ये होते. काम करताना फोन बाहेर कपाटात ठेवायचा, असा नियम. अडीचला बाहेर आले तर दीदीचे चार मिस्ड कॉल. मी उलट फोन लावला. तिनं हळू आवाजात सांगितलं: मुलगी सकाळी क्लासला म्हणून निघाली ती बसनं एकटीच खरडला आली. तिला आज स्वतःचीच भीती वाटते आहे, आज तिला एकटं ठेवू नका, असं ती स्वतःहून म्हणाली. दीदी तेव्हापासून तिच्याजवळून हललेली नाही. तिला हॉस्पिटलात न्यायला हवं. अशा वेळी आधी आईबापांना कळवायचं म्हणून ती दोन तास आईचा नंबर लावते आहे.

“फोन बंद है आंटी जी। आप प्लीज़ अपनी सिस्टर को ख़बर कर दीजिए।”

आता तरी मी खरं बोलायला हवं होतं. कॉरिडॉरमध्ये दोन सहकारी उभे होते, चहा पीत. मी म्हणाले, “जी, मैं अपनी बहन को बता देती हूँ।” एवढं झाल्यावरही माझ्या तोंडून हे बाहेर पडलं. या वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

खरडच्या पुलापाशी गाड्या तुंबल्या होत्या. स्टिअरिंगवर मूठ आपटत मी सगळ्या देवांना एकेक करून शिव्या दिल्या, मग त्यांचीच माफी मागितली. नवऱ्याला फोन लावला, तो वर्गात होता, फोन बंद.

वर गेले तर ती सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी. दीदी शेजारी, तिच्या मनगटावर हात ठेवून. मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. दीदी मला दाराशी घेऊन आली. “हॉस्पिटल के लिए मान नहीं रही। कहती है मम्मी बोलेंगी तो जाऊँगी। कहती है, मम्मी यहाँ होतीं तो समझ जातीं। वो कभी डाँटती नहीं, बस सुनती हैं। आंटी जी, किसी तरह बात करवा दीजिए।”

तेव्हा मला कळलं. दर मंगळवारी त्या खोलीत माझ्या मुलीनं सांगलीला एक आई उभी केली होती. मीच तिला जागा करून दिली होती फॉर्मवर, आणि तिनं ती भरली. न ओरडणारी, रजई न ओढणारी आई. तिच्या आधारावर पोरगी पाच आठवडे तगली होती, आणि आज तिला तिच्याशीच बोलायचं होतं. ती आई मी कुठून आणू?

मी आत गेले, तिच्यासमोर फरशीवर बसले आणि दीदीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मैं ही इसकी मम्मी हूँ। मैंने झूठ लिखा था।”

 मुलीनं माझ्याकडे बघितलं नाही. दीदीला म्हणाली, “मौसी झूठ बोल रही हैं।”

दीदीनं माझ्याकडे बघितलं. तिचा तरी काय दोष? फॉर्मवर आई सांगलीला, पोरगी म्हणते मावशी, आणि समोरची बाई स्वतःच्या तोंडानं सांगते की मी खोटारडी आहे. मी पर्स उपडी केली. लायसन्स दाखवलं, त्यावर मावशी म्हणून लिहिलेलंच नाव. फोनमधले फोटो दाखवले, वाढदिवस, शिमला, तिचा पहिला गणवेश. असे फोटो मावशीकडेही असतात. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव आहे, पण ती घरी फाइलमध्ये. घरी जाऊन येईपर्यंत थांबायला वेळ कुणाकडे होता? “बेटा, बघ ना माझ्याकडे,” मी म्हणत होते. ती दीदीच्या ओढणीचं टोक धरून बसली होती. सतरा वर्षांची माझी मुलगी एका परक्या बाईची ओढणी धरून माझ्यापासून लपत होती.

“कोई है,” दीदी म्हणाली, “जो आप दोनों को जानता हो? जिसकी बात मैं मान सकूँ?”

होता की. शहरात एकच माणूस असा होता ज्याचं नाव दीदी ओळखत होती, कारण अवघड मुलांना ती त्याच्याकडेच पाठवायची. मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

“बोला वहिनी,” डॉक्टर म्हणाले. हसत म्हणाले. त्यांना वाटलं असेल, पुन्हा कुठल्या तरी कार्यक्रमाचं.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “मी माझ्या मुलीची आई आहे हे यांना सांगता का?”

 त्यांनी हिंदीत दीदीला सगळं नीट सांगितलं, मी कोण, मुलगी कोण, किती वर्षांची ओळख. मग मला एवढंच म्हणाले, “लगेच घेऊन या. मी खाली येऊन थांबतो.” एका शब्दानंही बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मुलगी उठली, पण माझ्या गाडीत बसायला तयार झाली नाही. दीदीनं तिला स्वतःच्या गाडीत मागे बसवलं, केंद्रातली आणखी एक मुलगी सोबत दिली, आणि मी मागून निघाले. रस्ताभर मला तिच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. मध्ये एखादी गाडी घुसली की मी हॉर्नवर हात ठेवून ओरडायची. एका सिग्नलला त्यांची गाडी पुढे गेली आणि मी लाल दिव्याला अडकले. तो दिवा हिरवा होईपर्यंत माझ्यातलं जे काही होतं ते संपून गेलं.

ती तीन आठवडे हॉस्पिटलात होती. ओंजळभर मराठी माणसांना अर्थातच कळलं. बायका डबे घेऊन आल्या, कुणी काही विचारलं नाही. एक जण डबा ठेवून जाताना जिन्यात थांबून म्हणाली, “आमचा धाकटा गेल्या वर्षी याच डॉक्टरांकडे होता.” मी तिला वर्षभर दर कार्यक्रमात भेटत होते. तिनंही मूठ झाकलीच होती. मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग दोघींना मिळून रडू आलं.

आता ती घरी आहे. बारावी राहिली, राहू दे. गोळ्या चालू आहेत. मंगळवारी ती खरडला जाते, एकटी, बसनं, आणि पोचली की मला मेसेज करते. काही दिवस चांगले जातात. काही दिवस ती भिंतीकडे तोंड करते आणि मी दाराबाहेर, ती श्वास घेते आहे ना हे ऐकत उभी राहते. सगळं निस्तरलं असं कुणी म्हणालं तर मला त्याच्या अंगावर जावंसं वाटतं.

गेल्या आठवड्यात मी पोळ्या लाटत होते आणि ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.  मग म्हणाली, “वो जो सांगली वाली मम्मा थी ना, मैं उसको मिस करती हूँ।”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. “कशी होती गं ती?” मी विचारलं.

“मैं कुछ भी बता सकती थी उसको। गंदी से गंदी बात भी।” ती परातीतल्या पिठात बोटानं रेघ ओढत होती. “वो रोती नहीं थी।”

मी रडत होते. तिची नजर अजून पिठावर होती. मी तव्याकडे वळले, बाहीला तोंड पुसलं, आवाज नीट केला आणि म्हणाले, “बरं, मग तिला काय काय सांगितलंस?”

तिनं माझ्या पाठीकडे बघितलं असावं. मग ती सांगायला लागली, आणि तव्यावरची पोळी जळून काळी झाली तरी मी हलले नाही, की मागे वळून तिच्याकडे बघितलं नाही.