चँडलरचे जमदग्नी

शेजारच्या आजोबांचं नाव आमच्या घरात जमदग्नी पडलं होतं. अमेरिकेतल्या आमच्या वाळवंटी चँडलर गावच्या उन्हापेक्षा त्यांचा पारा वर. ते बातम्यांवर चिडायचे, पाणचट कॉफीवर चिडायचे आणि मी ‘चालतंय’ म्हटलं की माझ्यावर. ‘आजोबा’चा अर्थ मात्र त्यांनी विचारून घेतला, आणि त्या हाकेला ते विरघळायचे.

आजोबा मूळचे रोमानियाचे. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी, पोरवयात, ते फ्लीट नावाच्या शिकाऊ विमानावर उडायला शिकले. पंखांच्या दोन जोड्या, एकामागे एक दोन उघड्या जागा. आराखडा अमेरिकन, पण विमान रोमानियातल्याच ब्राशोवच्या कारखान्यात बांधलेलं. “लढाऊ विमानं सगळ्यांना आठवतात,” ते गुरगुरायचे. “त्या वैमानिकांना मुळाक्षरं कुणी शिकवली? त्याचं नाव कुणी घेतं का?”

२००२च्या उन्हाळ्यात कळलं, की तासाभरावरच्या एका छोट्या विमान संग्रहालयात फ्लीट आहे. शनिवारी मी त्यांना घेऊन निघालो. आजोबांनी टाय लावला होता. वाटेत ते एकदाही चिडले नाहीत.

विमान पिवळंधमक होतं. पंखाच्या ताणलेल्या कापडावर त्यांनी टिचकी मारली, आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले. तिथला स्वयंसेवक भारावला. “बसा ना आत,” म्हणाला. मी कॅमेरा काढला, तसा त्याचा चेहरा बदलला. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांना अजून वर्षही झालं नव्हतं.

“तुम्ही कुठले? फोटो कशाला? लायसन्स दाखवा.”

आजूबाजूला सगळेच फोटो काढत होते. मी लायसन्स दाखवलं. तरी म्हणाला, “तुम्ही बाहेर थांबा.”

“जाऊ द्या आजोबा, तुम्ही बसा,” मी म्हणालो.

आजोबांचा एक पाय पंखावर होता. तो त्यांनी खाली घेतला.

“मला इथे यानं आणलंय. आधी याची माफी माग, मग बसेन.”

“मी फक्त सुरक्षेचे नियम पाळतोय.”

“मग या सगळ्यांची लायसन्स माग!”

आम्ही परतलो. कारमध्ये आजोबा उसळले. “आणि तू! अपमान तुझा झाला, आणि जाऊ द्या काय म्हणतोस?”

“व्हिसावर आहे आजोबा. इथे चिडणं परवडत नाही.”

घर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे संग्रहालयातून फोन आला, एकट्या आजोबांना बोलावणारा. “माफीचं काय?” त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून फोन आपटला. मी खूप विनवलं. गेले नाहीत. २००५मध्ये वारले. ज्या विमानानं त्यांना आकाश दाखवलं, त्यात पुन्हा बसायचं राहिलं ते राहिलंच.

अंत्यविधीनंतर मी सरळ त्या संग्रहालयात गेलो. स्वयंसेवक केव्हाच सोडून गेला होता, म्हणून व्यवस्थापकाला गाठलं. सांगता सांगता माझा आवाज चढला. लोक वळून बघायला लागले. मी तो खाली आणला नाही.

“आता मी काय करू शकतो?” त्यानं विचारलं.

“ऐकून घ्या,” मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.