पुकारणाऱ्या बबनअण्णांचं तोंड

मंगळवार, तारीख अकरा. मार्गासनीची प्राथमिक शाळा, दंततपासणी शिबिर. हजर: पुण्याहून आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, उपकेंद्राची परिचारिका म्हणजे मी, दोन आशाताई, पंचवीसेक गावकरी आणि बबनअण्णा. अण्णांची नोंद वेगळी केली, कारण ते तपासणीला आलेच नव्हते. उद्घाटनाला पुकारणारा लागेल, असं ठरवून ते आपणहून हजर झाले होते. माइक नव्हता, उद्घाटनही नव्हतं. तरी त्यांनी सगळ्यांची नावं पुकारली. डॉक्टरीणबाईंचं दोनदा, दोन्ही वेळा चुकीचं.

भोर-वेल्ह्याकडच्या लग्नात मुहूर्त टळतो तो भटजींमुळे नव्हे, पुकारणाऱ्यामुळे. अमक्या गावचे माजी उपसरपंच मंडपात आले आहेत, तमक्या सोसायटीचे संचालक आले आहेत, त्यांनी टोपी-उपरण्याचा मान स्वीकारावा, असं चालू असतं आणि नवरानवरी घामाघूम होऊन उभी असतात. अण्णा एका दमात सव्वा तास पुकारत. कुणाला ‘माजी’ म्हणायचं आणि कुणाला ‘भावी’, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसे. मी एकदा म्हटलं, जरा आटोपतं घ्या. तर म्हणाले, “मानूस जेवाया येत न्हाई शिस्टर, नावाला येतो. जेवान काय, घरी बी असतं.”

या कामासाठी त्यांनी तीन सवयी लावून घेतल्या होत्या. गालात कायम खडीसाखर, घसा ओला राहावा म्हणून. मंडपाच्या धुळीने शिंका येऊ नयेत म्हणून रोज एक गोळी, स्वतःच्याच सल्ल्याने. आणि कवळी चोवीस तास तोंडात, झोपेतसुद्धा. “बिनदाताचं त्वांड म्हंजी बिनटोपीचं टकुरं. बायकूनं बी बगू नये.” यावर त्यांची बायको, हौसाकाकी, पदर तोंडावर धरून म्हणायची, “आता बगून तरी काय व्हनार हाय?”

त्या दिवशी पुकारताना अण्णांची जीभ टाळूला चिकटली. ‘स्वागत’ शब्द तीनदा अर्ध्यात अडकला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. टॉर्च धरणारी मी सोडून बाकी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून अण्णांनी कवळी काढली. टाळूवर कवळीच्याच आकाराचा लालभडक डाग, गालांच्या आत पांढरे थर. पुसले तर खाली कातडी सोललेली.

“दही खाल्लंय सकाळी,” अण्णा म्हणाले.

“घरात धा दिस दही न्हाई,” अण्णांबरोबर आलेली काकी भिंतीकडे बघतच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही बुरशी आहे. ती बहुतेकांच्या तोंडात थोडीफार असतेच, पण लाळेतली प्रथिनं तिला डोकं वर काढू देत नाहीत. एक प्रथिन तिच्या पेशीत शिरून तिला मारतं, एक तिचं कवच कुरतडतं, एक तिच्या वाटचं लोह पळवून तिला उपाशी ठेवतं, आणि काही तिला चिकटूच देत नाहीत.

“माज्या थुकीत एवडी मानसं कामाला हायती?”

“होती. शिंकांच्या गोळीने तुमची लाळच आटली, म्हणजे तुम्हीच त्यांना रजेवर धाडलंत. वर बुरशीला कवळीखाली बंद खोली दिलीत आणि खडीसाखरेचा खुराक.”

अण्णांनी आवाज खाली आणला. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. म्हणाले, “सोळा दिसांनी नातीचं लगीन हाय, नसरापूरला. नातीच्या लग्नात दुसऱ्यानं पुकारायचं? मंग म्या हाय कशाला?”

म्हणून मी तक्ता करून दिला. पाच कामं, प्रत्येकापुढे पंधरा दिवसांचे पंधरा चौकोन: रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणे, ती ब्रशने घासणे, खडीसाखर बंद, शिंकांची गोळी डॉक्टरांकडून बदलून घेणे, बुरशीच्या औषधाचे थेंब तोंडात घोळवणे. तिसऱ्या दिवशी बघायला गेले, तर पंधराही दिवसांच्या खुणा करून झाल्या होत्या, एकाच पेनने. “तुमाला सारखा हेलपाटा नको म्हनून येकदाच करून ठिवल्या.” तोंड होतं तसंच होतं. गालात खडीसाखर.

पाचव्या दिवशी सारोळ्याला कुणाचं तरी लग्न होतं. नऊ नावं झाली आणि कोरडी जीभ टाळूला चिकटून अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. साउंडवाल्याला वाटलं माइक गेला. त्याने तो दोनदा बदलला. शेवटी नवऱ्याच्या मामाने माइक हातात घेतला आणि दहा मिनिटांत सगळं उरकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे अण्णांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा कवळी वाटीत, पाण्यात होती. अण्णा तोंडावर हात धरून म्हणाले, “शिस्टर, नवा कागुद द्या.”

उरलेले दहा दिवस त्यांनी तक्ता जसाच्या तसा पाळला. गोळी बदलली. खडीसाखरेचा डबा काकीने शेजारी नेऊन दिला. त्यातल्या नवव्या दिवशी टाळू गुलाबी दिसू लागला आणि त्याच दिवशी अण्णा लाळेचे तज्ज्ञ झाले. एसटीची वाट बघणाऱ्या पोरांना अडवून सांगू लागले, “थुकू नगा रं, आत फौज हाय.”

नातीच्या लग्नात त्यांनी पन्नास मिनिटं पुकारलं. मुहूर्त अर्थातच टळला. नवरीचा बाप, म्हणजे त्यांचाच मुलगा, दोनदा “अण्णा, बास” म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा अण्णांनी त्याचंही नाव पुकारलं. मग ज्यांना कवळी आहे त्यांनी ती रात्री काढावी, अशी सूचना केली. पुढच्या रांगेतल्या चार माजींनी तोंडं मिटून घेतली.

पुढच्या थंडीत अण्णा गेले, झोपेतच, हृदयविकाराने. कवळी उशाशी वाटीत होती. काकीने आधी ती त्यांच्या तोंडात बसवली, मगच शेजाऱ्यांना हाक मारली.

दहाव्यानंतर भेटायला गेले तेव्हा काकी जेवत होती. दुधात चुरलेली भाकरी, तीही गार. कोरड्यास, म्हणजे तिखट कालवण, समोर होतं, त्याला हात लावला नव्हता. मी विचारलं, तिखट चालत नाही का?

“जळतं. चार वरसं झाली.” पदर तोंडावर होताच. “कवळी आमी दोगांनी येकाच दिशी बशिवली व्हती.”

“मग शिबिरात का नाही बोललीस? मी पंधरा दिवस तुझ्या घरी येत होते.”

“तुमी त्यांचंच इचारीत व्हता.”

मी तिथेच वही काढून लिहिलं: हौसाकाकी, तोंड तपासणे. तेव्हापासून तीनदा जाऊन आले. एकदा वर्षश्राद्ध होऊ द्या म्हणाली, एकदा भाताची कापणी, एकदा नात बाळंतपणाला आलीय. पदर तसाच. वहीतल्या त्या ओळीपुढे अजून काही लिहिता आलेलं नाही.