टिटवी किती पावलांवर उठते

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी प्राण्यांचं वर्तन हा विषय घेतला, तेव्हा तो घरी समजावताना माझी पंचाईत झाली. आमच्याकडे वर्तन हा शब्द फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतो. आई म्हणाली, "पाखरांचं वर्तन चांगलं का वाईट, हे तू ठरवनार? आन त्यापायी नगरला खोली?" घरात बारावीपुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे हसता हसता ती डबाही भरून देत राहिली.

मॅडमनी दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. माणूस किती जवळ आला की ती अंड्यांवरून उठते, ते रोज मोजायचं. रोज तोच माणूस येत राहिला तर हे अंतर कमी होतं का, ते बघायचं. फार लवकर उठली तर अंडी उन्हात भाजतात, फार उशिरा उठली तर कुत्रं अंड्यांपर्यंत पोचतं. ज्यांचा संशय बेताचा होता, त्यांचीच पिल्लं जगली, असं मॅडम शिकवायच्या.

पारनेर तालुक्यात, आमच्या गावालगतच्या एका पडीक रानात मला चार अंडी सापडली, म्हणून तेवढे दिवस मी घरीच राहिले. रानाचे मालक साठीच्या पुढचे, मी त्यांना काका म्हणायचे. बांधापलीकडचं रान त्यांच्या धाकट्या भावाचं. बांधावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. हे मला माहीत होतं, तरी मी अंड्यांपासून बांधाच्या दिशेनं दर पाच पावलांवर एकेक दगड मांडला आणि त्यांवर चुन्यानं एक ते दहा आकडे घातले.

दुसऱ्या दिवशी काका दगडांपाशी उभे होते.

"हे काय मांडलंय ताई?"

"टिटवीसाठी आहे काका."

"टिटवीला आकडं वाचता येत्यात व्हय?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"कुनी पाठिवलंय?"

"कॉलेजनं."

"कॉलेजला आमच्या बांधापशी काय काम?"

माझं उत्तर त्यांना पटलं नाही, हे चेहऱ्यावरून कळत होतं. मलाही त्यांचा भरवसा वाटेना. हा माणूस एक दिवस अंडी उचलणार, अशी माझी खात्री झाली. रोज टिटवी ओरडत उठली की मी आधी दुर्बिणीतून अंडी मोजायचे. चार असायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय राहवायचं नाही.

आकडे मात्र छान येत होते. पहिल्या दिवशी टिटवी आठ नंबरच्या दगडाशी उठली, म्हणजे चाळीस पावलांवर. सहाव्या दिवशी सात नंबरशी. बाराव्या दिवशी मी सहाव्या दगडापर्यंत गेले तेव्हा कुठे ती उठली. तिला माझी सवय होत होती! मी आलेख काढला आणि नगरला जाऊन मॅडमना दाखवला. त्यांनी तो वर्गात फळ्यावर लावला. त्या दिवशी मी एसटीत उभ्यानं आले, पण पाय दुखल्याचं आठवत नाही.

तेराव्या दिवशी बांध उतरताना माझी चप्पल एका दगडावर आपटली. दहा नंबरचा दगड होता, बांधाला टेकलेला. मी तो ठेवला तेव्हा त्याच्यात आणि बांधात दहा पावलांची जागा होती. टिटवी उठल्यावर मी पावलं टाकून सगळी ओळ मोजली. प्रत्येक दगड दहा पावलं सरकला होता. टिटवी आजही चाळीस पावलांवरच उठली होती. तिनं माझ्यावर तसूभरही विश्वास टाकला नव्हता.

"काका, दगड तुम्ही हलवले?"

"व्हय. तुमी मोजनीवाल्या न्हाई कशावरून? उद्या ह्यो म्हनंल, हितपर्यंत बांध माझा. म्हनून बांधाला नेऊन लावलं." त्यांनी पलीकडच्या रानाकडे मान उडवली.

"पण मला कळलं कसं नाही?"

"रोज पाऊलभरच सरकिवलं. एकदम सरकिवलं तर दिसतं. त्यानं बांध असाच कोरलाय, नांगराचं एकेक तास, एकेक रेघ घेत. त्याच्याकडनंच शिकलो."

मग म्हणाले, "मोजनीशी संबंध न्हाई, असं लिहून द्या."

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. त्यांनी तारीख घालायला लावली. एवढ्यात बांधाच्या पलीकडून आवाज आला, "ओ ताई, मला बी एक कागद द्या तसलाच!"

मला हसू यायला हवं होतं, पण डोक्यात फळ्यावरचा तो आलेख होता. मी बोलले नसते तर कुणाला काही कळलं नसतं. दगड परत जागेवर ठेवता आले असते, आलेख तसाच छापता आला असता. दोन दिवस मी कॉलेजात गेले नाही. काकांवर एवढा संशय घेतला आणि स्वतःच्या आकड्यांवर एकदाही नाही, कारण ते मला हवे तसे येत होते. हेच मला सर्वांत लागलं.

तिसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आलेख काढून माझ्या हातात दिला.

"अंडी फुटायला किती दिवस आहेत?"

"आठ-नऊ."

"मग टेप घेऊन जा. रोज नव्यानं मोज."

आठ दिवस टेपनं मोजलं. काकांनी टेपचं एक टोक स्वतःच धरलं आणि प्रत्येक आकडा वाकून आपल्या डोळ्यांनी वाचला. अंतर काही कमी झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी घरट्याच्या खळग्यात नुसती टरफलं होती आणि टिटवी पिल्लं घेऊन भलत्याच कोपऱ्यातून ओरडत होती.

प्रबंधात मी लिहिलं, 'पक्ष्याला निरीक्षकाची सवय झाल्याचे आढळले नाही.' मॅडमनी समासात पेन्सिलीनं विचारलं, 'पहिले तेरा दिवस का वगळले?' मी लिहिलं, 'अंतराच्या खुणा हलल्या होत्या. मी त्या रोज तपासल्या नाहीत.' त्या कुणी हलवल्या, ते लिहिलं नाही. ते पान मी वर्गात सगळ्यांसमोर शेवटपर्यंत वाचलं.