पलंगाची खोली

माझ्या आईचं, प्रयागबाईचं, निम्मं आयुष्य उभ्यानं गेलं. केनवडला आमची कोरडवाहू शेती होती, खायला-प्यायला कमी नव्हतं. पण सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही ही रीत, आणि आमचे आजोबा जानराव शेतातून आले की ओसरीवरून हलत नसत. सासऱ्याशी थेट बोलायचंही नाही. त्यासाठी मध्ये मी, विजयमाला. "विजे, आबाजीले सांग, जेवाले वाढलं." आबाजी दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांनी ते ऐकलेलंही असायचं. तरी मी सांगायची आणि मग ते उठायचे. मला आठव्या वर्षीसुद्धा या नाटकाचा राग यायचा.

त्या वर्षी, म्हणजे छप्पन्न साली, आम्ही वाशिमला बालाजीच्या यात्रेला गेलो. धर्मशाळा भरली होती. बाजारातल्या एका लॉजवाल्याकडे एकच खोली उरली होती. ती का उरली, हे दार उघडल्यावर कळलं. खोलीभर एकच पलंग होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, उंबऱ्यालाच चिकटलेला. कुण्या हौशी मालकानं सुतार खोलीतच बसवून तो करून घेतला होता आणि आता तो दारातून बाहेर निघत नव्हता. पाय ठेवायला जमीन औषधालाही नव्हती.

आबाजी चढले आणि वाऱ्यासाठी दाराशीच बसले. बाबा चढले, मी तर उड्याच मारल्या. आई उंबऱ्यावर उभी राहिली. आत बसावं तर सासऱ्याच्या बरोबरीनं पलंगावर, बाहेर बसावं तर हातभर रुंद गॅलरी आणि परक्या माणसांची ये-जा.

"बस ना, कोन पाह्यते?" बाबा हळूच म्हणाले. ज्यांनी पाहू नये ते समोरच बसले होते. बाबांना एवढंही कळू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

तासभर तरी ती तशीच उभी होती. घरी ती आबाजींसमोरून डोक्यावर पदर ओढून भरभर निघून जायची. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत त्यांनी तिला एका जागी थांबलेलं पहिल्यांदाच पाहिलं असेल. तिचा डावा घोटा सुजून तोरडी मांसात रुतली होती.

"विजे, तुह्या मायच्या पायाले काय झालं?"

"आबाजीले सांग, काई नाई. चालल्यानं."

आबाजी उतरले आणि गॅलरीत उपरणं टाकून खाली बसले. त्यांना वाटलं, आता ती आत बसेल. पण सासरा जमिनीवर आणि सून पलंगावर, हे तर त्याहून वाईट. आई आणखी मागे सरून गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"आता मी जाऊ कुठं?" आबाजी चिडले. चांगलं करायला गेलेला माणूस फसला की फार चिडतो. ते पुन्हा वर चढले, पार टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"प्रयाग, मी अठी नाई असं समज. बस माय."

तिचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आई उंबरा ओलांडून आली आणि पलंगाच्या काठावर दाराकडे तोंड करून बसली. बसताना तिच्या तोंडून एक बारीक हुंकार निघाला. मधे मी आणि बाबा, दोन्हीकडे दोन पाठी.

"कवापासून दुखते?" आबाजींनी भिंतीला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर आईच बोलली.

"विजीच्या पाठचं लेकरू गेलं तवापासून."

"पाच वर्सं? मंग मले काहून नाई सांगतलं?"

"उभ्या उभ्या कसं सांगू, मामाजी?"

मला वाटलं, आता आबाजी वळून तिच्याकडे पाहतील. ते वळले नाहीत. वळले असते तर ती उठून उभी राहिली असती, आणि एवढं त्यांना आता कळलं होतं.